ऑगस्टमधली पावलं

दर सोमवारी मी जाळ्या धुतो. त्या नऊ आहेत, प्रत्येकी बारा मीटर लांब, काळ्या नायलॉनच्या. इकिके शहरापासून दक्षिणेला तासाभराच्या रस्त्यावर, समुद्रातून सरळ आठशे मीटर वर आलेल्या कड्याच्या माथ्यावर विद्यापीठानं त्या खांबांना ताणून बांधल्यात. समुद्रावरचं धुकं कडा चढून येतं, जाळ्यांतून गाळलं जातं, थेंब पन्हळीत आणि पन्हळीतून टाकीत पडतात. जाळ्यांवर मीठ साचलं की पाणी कमी येतं, म्हणून धुवाव्या लागतात. फाटलेली वीण मी शिवतो. याआधी वीस वर्षं मी खाणीत मोजणीदाराच्या हाताखाली काम केलं. मोजपट्टी अजून माझ्या खिशात असते आणि जे दिसतं ते मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हे सगळं सांगतोय, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, एकटा राहून याचं डोकं फिरलं. मी एकटा राहत नाही. शहरात माझं घर आहे, बायको आहे, बाजारातल्या मासेवाल्याशी रोजचं भांडण आहे. माझं नाव एलादियो चाल्यापा.

जुलै-ऑगस्टमध्ये धुकं दाट असतं तेव्हा कड्याच्या माथ्यावर वीतभर हिरवळ उगवते. बाकी चहूकडे उघडी बोडकी जमीन असल्यामुळे लोकांना तेवढ्या हिरवळीचंही अप्रूप वाटतं. त्या दोन महिन्यांत मी माझ्या गाडीतून पाहुण्यांना वर न्यायचो, फिरवायचो, चहा-पाव द्यायचो आणि दिवस मावळायच्या आत खाली पोचवायचो.

अकरा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये दूर दक्षिणेतल्या चियानहून एक कुटुंब आलं. नेस्तोर टपालखात्यात होता. त्याची बायको ओर्फिलिया बारियेंतोस शाळेत शिवण शिकवायची. बुटकी, गोल चेहऱ्याची, सतत बोलणारी बाई. मुलगी सहा वर्षांची, अमांकाय. एदुविनाच्या खानावळीत ते चार नंबरच्या खोलीत उतरले होते. एदुविना माझी लांबची मेव्हणी लागते, तिचे पाहुणे ती माझ्याकडेच धाडते.

वर पोचल्यावर अमांकायनं चारी दिशांना पाहिलं आणि मला विचारलं, "इथं दुकान नाही का?"

"नाही गं बाई."

"मग तुम्ही इथं राहता कशाला?"

ओर्फिलिया खूप हसली. नेस्तोरनं फोटो काढले. बुटांत वाळू गेली म्हणून पोरीनं बूट-मोजे काढून टाकले, आणि जाळ्यांच्या ओळीतून आत-बाहेर पळू लागली. आईनं हाक मारली तेव्हा मीच म्हटलं, "खेळू द्या हो. इथं झाड नाही, घर नाही, आड लपायला दगड नाही. हरवणार कुठं?"

मी स्टोव्हवर पाणी ठेवलं होतं. खाली समुद्रावर पांढरा पट्टा उठताना मला दिसला. धुकं तिथून माथ्यावर यायला दहा मिनिटं लागतात. पोरीला हाक मारायला हवी होती. पण पाण्याला उकळी येत होती. मी म्हटलं, चहा ओतून होऊ दे, मग बोलावू.

चार कप ओतेपर्यंत स्वतःचे हात दिसेनासे झाले.

धुकं वीस मिनिटं राहिलं. आम्ही तिघं ओरडत होतो. सुरुवातीला ती ओ देत होती, अगदी जवळून, हसत. तिला तो लपंडाव वाटला असावा. मग ओ आली नाही. धुकं निघून गेलं तेव्हा स्वच्छ ऊन पडलं होतं आणि आठ किलोमीटरपर्यंतची सपाट जमीन डोळ्यांपुढे होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

आमच्याकडची जमीन काही विसरत नाही. धुक्यानं वरची माती भिजते, उन्हानं वाळते आणि तिच्यावर पातळ पापुद्रा धरतो. त्यात उमटलेलं वर्षानुवर्षं राहतं. माझ्या आजोबांच्या वेळच्या खेचरांच्या वाटा अजून दिसतात. अमांकायची पावलंही दिसत होती. शेवटच्या जाळीपासून उत्तरेला एक्केचाळीस पावलं, पळत गेलेली, मग चालत गेलेली. एक्केचाळिसावं पाऊल डाव्या पायाचं होतं. त्याच्या पुढे तशीच मऊ, कोवळी माती होती आणि तिच्यावर काही नव्हतं. कड्याची धार तिथून तीनशे मीटर लांब होती.

पोलीस आले, कुत्री आली, सैनिकांची एक तुकडी आली. कुत्री एक्केचाळिसाव्या पावलापाशी जाऊन बसायची आणि हलायची नाहीत. सार्जंट ओयार्सोनं वहीत लिहिलं की पुढची पावलं वाऱ्यानं पुसली गेली. मी म्हटलं, "साहेब, वारा पुढची पुसतो आणि मागची ठेवतो का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग तुम्हीच सांगा, चाल्यापा, काय लिहू?"

धुकं येताना मी पाहिलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

वर्ष भरलं तसे ते दोघं ऑगस्टमध्ये परत आले. ओर्फिलियाची बडबड थांबली होती. तिनं एक खोका आणला होता, त्यात नवे बूट. "एक नंबर मोठे घेतलेत," ती म्हणाली. "वर्षभरात पाय वाढला असेल." बूट तिनं शेवटच्या जाळीच्या खांबाशी ठेवले, नाडी सोडून, घालायला सोपे पडावेत असे. नेस्तोर गाडीत बसून राहिला.

त्या वर्षी काही घडलं नाही. घडलं ते पुढच्या वर्षी.

सकाळी दहाचा सुमार होता. धुकं नुकतंच विरलं होतं. मी टाकीकडे निघालो, तर चौथ्या आणि पाचव्या जाळीच्या मध्ये अनवाणी पावलांची एक रांग दिसली. चौदा पावलं. कुठूनही आलेली नव्हती आणि कुठेही गेलेली नव्हती; उघड्या जमिनीवर सुरू झाली होती आणि उघड्या जमिनीवरच संपली होती. माती ओली होती, कडा धारदार होत्या. मी आधी मोजपट्टी काढली. साडेएकोणीस सेंटीमीटर. दोन वर्षांपूर्वीची एक्केचाळीस पावलं मी मोजली होती, ती अठरा सेंटीमीटरची होती.

म्हणजे दुसरं कुणाचं तरी पोर, मी मनाशी म्हटलं. पण ओर्फिलिया माझ्यामागून येऊन गुडघ्यांवर बसली होती. डाव्या पायाच्या करंगळीवर तिनं बोट ठेवलं. ती करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

"जन्मापासून आहे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते, मोठी झाली की ऑपरेशन करू."

नेस्तोरला बोलावलं. त्यानं पावलं पाहिली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "मला पाय बघायचा नाहीये, ओर्फिलिया. मला पोर बघायचीय." तो शहरात उतरला, दुसऱ्या दिवशीची बस धरून चियानला गेला आणि पुन्हा आला नाही. पुढे त्यांचं लग्न मोडलं असं कानावर आलं. तिनं स्वतः कधी सांगितलं नाही.

सार्जंटनं येऊन फोटो घेतले. कुणीतरी क्रूर थट्टा करतंय, असं त्यांचं मत पडलं. मला ते पटलं, कारण दुसरं काही पटण्यासारखं नव्हतं.

पुढचं प्रत्येक वर्ष तसंच गेलं. ओर्फिलिया ऑगस्टमध्ये दहा दिवसांसाठी यायची. चार नंबरचीच खोली. रोज सकाळी आम्ही वर जायचो. आठवड्यातून एकदा-दोनदा, धुकं उतरल्यावर, पावलं दिसायची. कधी नऊ, कधी तीस. साडेवीस सेंटीमीटर, साडेएकवीस, बावीस. बाकीच्या अकरा महिन्यांत मी वर एकटा असायचो तेव्हा एकही पाऊल उमटत नसे. मी शोधायचो, हेही कबूल करतो.

खांबाशी बुटांची रांग वाढत गेली. उन्हानं रंग उडालेले, धुक्यानं पुन्हा पुन्हा भिजून आकसलेले. पाहुण्यांना ते रस्त्याकडेच्या मृतांच्या देवळीसारखं वाटायचं. ते तिथं पाण्याच्या बाटल्या ठेवायचे, क्रूसाची खूण करायचे. ओर्फिलिया त्या बाटल्या उचलून टाकीमागे नेऊन ठेवायची. "मेलेल्यांना ठेवतात पाणी," एवढंच म्हणायची.

सहाव्या वर्षी मला तिचाच संशय आला. आईच करत असेल, मला वाटलं. लाकडाचे पाय कोरून आणत असेल, दर वर्षी थोडे मोठे. दुःखानं माणूस काय करेल सांगता येत नाही. ती जाळीपाशी उभी होती तेव्हा मी गाडीतली तिची पिशवी उघडली. ती मागे येऊन उभी राहिलेली मला कळलं नाही.

"पाव आहे," ती म्हणाली. "आणि अॅव्होकाडो. खायचंय का, भाऊ?"

मी म्हटलं, "बाई, माफ करा. मला वाटलं..."

"मलाही तुमचाच संशय होता. दोन वर्षं." ती पाव मोडू लागली. "आता नाही."

त्याच दिवशी आम्ही दोघं गाडीच्या पायरीवर बसून पाव खात होतो. धुकं आलं. आमच्यात हातभर अंतर होतं, मला तिचं चावणं ऐकू येत होतं. पाच मिनिटांत पदर उचलावा तसं धुकं उठलं. आमच्या पायांपुढे, एका मीटरवर, दोन पावलं होती. शेजारी शेजारी, जुळवलेली, बोटं आमच्याकडे. कुणीतरी समोर उभं राहून आम्हाला खाताना पाहत होतं.

ओर्फिलियानं उरलेला पाव त्या पावलांजवळ ठेवला. मी शहरात परतलो आणि बायकोला सांगितलं की उद्यापासून जाणार नाही. सकाळी गाडी काढली.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट पोर हरवल्यापासूनचा दहावा होता. ओर्फिलिया बसमधून उतरली तेव्हा मी तिला चटकन ओळखलं नाही. अंग झडलं होतं. एदुविनानं तिच्यापुढे सूप ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला वर नेऊ नकोस. वाऱ्यानं उडून जाईल."

"उडाले तर बरंच होईल," ओर्फिलिया म्हणाली. तिनं सूप संपवलं, वाडगा धुतला आणि माझ्याकडे वळली. "डॉक्टर म्हणतात, पुढच्या हिवाळ्यापर्यंत काही मी राहत नाही. पोटात गाठ आहे. तेव्हा यंदा शेवटचं."

तिनं आणलेले बूट या वेळी बाईमाणसाचे होते, टाचेचे, काळे. "सोळा पूर्ण," ती म्हणाली. "एवढी टाच चालते या वयात."

आठ दिवस काही दिसलं नाही. ती खांबाशी बसून राहायची. नवव्या दिवशी, दुपारी, समुद्रावर पट्टा उठला. मी चहा करत होतो. माझा हात थांबला. मी स्टोव्ह बंद केला आणि दहा वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. त्या दिवशी धुकं येताना मला दिसलं होतं. दहा मिनिटं माझ्या हातात होती. मी चहा ओतत राहिलो.

ती माझ्याकडे बघत होती. रागावली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही किटलीवरून समुद्राकडे बघत होतात. तुम्ही काय बघताय म्हणून मीही बघितलं. मलाही दिसलं होतं, भाऊ. मला वाटलं, किती सुंदर दिसतंय."

मी किटली खाली उतरवून ठेवली.

तिनं पायातले बूट काढले, मोजे काढले, ते बुटांत नीट खोचले. "जाळ्या बांधायचा दोर आहे ना तुमच्याकडे? तो माझ्या कमरेला बांधा. या वेळी ती येते तेव्हा मी आत असेन. बाहेर बसून फार वर्षं झाली."

मी नाही म्हटलं. तिनं दोर स्वतःच उचलला. मग मीच बांधला, कारण तिला गाठ नीट येत नव्हती. शंभर मीटरचा दोर, दुसरं टोक माझ्या हातात. दोन झटके दिले की मी ओढायचं, असं ठरलं.

धुकं आलं. ती त्यात चालत गेली. चार पावलांवर तिची आकृती राखाडी झाली, सहाव्यावर नव्हती.

दोर सरकत राहिला. वीस मीटर. चाळीस. दर दहा मीटरवर मी सुतळी बांधलेली होती, ती बोटांना लागत होती. मी हाक मारली, तिनं "आहे" म्हटलं. साठला मी पुन्हा हाक मारली. तिनं ओ दिली, पण ती मला नव्हती. "थांब," ती म्हणत होती. "थांब गं, पळू नकोस. आई दमलीय."

ऐंशीला दोर थांबला.

मी वाट पाहिली. मग दोन झटके आले, अगदी स्पष्ट.

मी ओढू लागलो. पहिले काही मीटर दोर जड होता, कुणीतरी मागोमाग चालत येत असल्यासारखा. मग हलका झाला. टोक माझ्या हातात आलं तेव्हा फास तसाच होता. गाठ मी मारली तशीच, घट्ट, भिजून आणखी आवळलेली. कमरेएवढा गोल, आणि आत काही नाही.

पुन्हा पोलीस, पुन्हा कुत्री. या वेळी त्यांनी मला तीन दिवस ठेवून घेतलं. एकाच माणसाच्या हातून दोघी हरवल्या, त्यात त्यांची काय चूक. काही सापडलं नाही म्हणून सोडलं. पाहुणे यायचे बंद झाले. विद्यापीठानं मात्र काम काढून घेतलं नाही. जाळ्या धुवायला दुसरं कुणी वर जायला तयार नव्हतं.

ओर्फिलियाची पावलं मी मोजून ठेवली होती. साडेबावीस सेंटीमीटर, उजवा पाय किंचित बाहेर पडणारा. दोर थांबला तिथे तीही थांबली होती.

यंदा ऑगस्ट लागला तेव्हा मला वाटलं, एक तर काहीच दिसणार नाही, किंवा दोघींची दिसतील. दोघींची दिसावीत असं मला वाटत होतं. झोपताना मी तेवढंच मनात घोळवायचो. एक मोठं पाऊल, एक लहान, शेजारी शेजारी. तेवढं दिसलं असतं तर मी नोकरी सोडली असती.

पहिल्याच आठवड्यात दिसली. एकटी, साडेबावीस सेंटीमीटरची. सरळ रेषेत नव्हती. दहा पावलं इकडे, मग वळून सहा तिकडे, मग जागच्या जागी गोल. एका ठिकाणी दोन्ही गुडघे आणि दोन्ही तळहात उमटले होते. ती वाकून जमिनीवर काहीतरी शोधत होती. त्याच जागी तीन वर्षांपूर्वी अमांकायची पावलं उमटली होती, जुनी, पापुद्रा धरलेली. तिनं त्यांच्यावरून हात फिरवला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशीही. मी सगळा माथा पालथा घातला. मुलीचं नवं पाऊल कुठेच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी एदुविनाचा फोन आला. आवाज चिडलेला होता. "तुझ्या वरच्या लोकांना पाय पुसायला शिकव. आत्ता फरशीला मेण लावलंय मी."

"कुठले लोक? माझ्याकडे कुणी येत नाही आता."

"मग ती पोरगी कुठून आली?"

मी खानावळीत पोचलो तेव्हा ती हातात फडकं घेऊन दारातच उभी होती. पुसलं नव्हतं, कारण मी फोनवर पुसू नकोस म्हणून ओरडलो होतो. पाइनच्या जुन्या लाकडी फरशीवर, उंबऱ्यापासून चार नंबरच्या खोलीपर्यंत, ओली पावलं वाळून मिठाच्या पांढऱ्या कडा उरल्या होत्या. मी गुडघ्यांवर बसलो. चोवीस सेंटीमीटर. डावी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. खोलीच्या दारापासून परत येणारी पावलं नव्हती.

"जाताना पाय वाळले असतील," एदुविना म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

"काय झालं ते नीट सांग."

"भरदुपारी आली. उंच, माझ्याहून उंच. केसांतून पाणी गळतंय, पायात काही नाही. मी म्हटलं, समुद्रावरून आली असेल पोहून. सरळ चार नंबरपाशी गेली, दार ढकललं, आत बघितलं. मी म्हटलं, ए बाई, कोण हवंय तुला? तर म्हणते, आई आली का?" एदुविना फडकं पिळत होती, त्यात पाणी नव्हतं. "मोठी बाई आहे रे. अंगापिंडानं भरलेली. पण बोलणं सहा वर्षांच्या पोरीचं. तसंच बोबडं."

"मग तू काय म्हणालीस?"

"तोंडातून निघून गेलं, आई वर गेलीय, तुला शोधायला."

"आणि?"

"पुन्हा? असं म्हणाली. एवढंच. कंटाळल्यासारखी. मग मी देवाचं नाव घ्यायला भिंतीकडे वळले, तेवढ्यात नव्हती."

खोली बघितली. पलंगावरची चादर सरळ होती. उशीजवळ हात लावून पाहिला. कोरडी.

संध्याकाळपर्यंत मी शहरभर फिरलो. किनाऱ्यावर, बसच्या तळावर, बंदराजवळच्या मासळीबाजारात. अनवाणी, ओल्या केसांच्या उंच मुलीबद्दल विचारत होतो. मासेवाला म्हणाला, "या वयात, एलादियो?" लोक हसले.

सकाळी मी वर गेलो.

ओर्फिलियाला सांगायला हवं होतं. ती आत शोधत होती आणि पोरगी खाली उतरली होती. कुणीतरी तिला सांगायला हवं होतं, आणि ते जाणणारा मी एकटाच होतो. असलं काही करणारा माणूस मी नाही. पण गाडी चालवताना मी वाक्य जुळवत होतो. बाई, ती खाली आलीय. बाई, खोलीवर या.

साडेदहाला समुद्रावर पट्टा उठला. मी शेवटच्या जाळीपुढे, त्या जुन्या एक्केचाळीस पावलांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. कमरेला दोर बांधला नाही.

धुकं आलं. माझे हात दिसेनासे झाले.

मी ओरडलो. "बाई, ती खाली आलीय."

जाळ्यांतून थेंब पन्हळीत पडत होते. दुसरा आवाज नव्हता.

"ओर्फिलिया, मी एलादियो. पोरगी शहरात आलीय. तुम्ही इथं नका शोधू. खाली या."

थेंब.

मी ओरडत राहिलो. अर्धा तास, कदाचित जास्त. शेवटी शब्द संपले आणि नुसतं तिचं नाव उरलं. मग मी जे ओरडत होतो ते तिच्यासाठी नव्हतं. मी म्हणत होतो, मला दिसलं होतं, मी हाक मारायला हवी होती. घसा फाटला तेव्हा थांबलो.

कुणी ओ दिली नाही. कुणी धापा टाकल्या नाहीत, माती वाजली नाही, कापड सळसळलं नाही. मी जागचा हललो नव्हतो.

धुकं खालून विरलं, नेहमी विरतं तसं. आधी माझे बूट दिसले. मग बुटांपुढची जमीन.

माझ्या बुटांच्या टोकांपासून चार बोटांवर दोन अनवाणी पावलं होती, बोटं माझ्याकडे, उजवं किंचित बाहेर पडलेलं. ती माझ्यासमोर उभी राहिली होती. मी ओरडत होतो तेव्हा माझा श्वास तिच्या कपाळावर आदळत असला पाहिजे.

मी मोजपट्टी काढली. पट्टी लावून पाहिली, पण माप येईना, कारण पावलं पूर्ण नव्हती. बोटं आणि चवडे खोल रुतले होते. टाचा उमटल्याच नव्हत्या.

ती चवड्यांवर उभी राहून, मान उंचावून, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

मी अजून मागे वळलेलो नाही.